पेरू, सातू आणि माझी एक चूक

थंडी सुरू झाली की माझ्या दवाखान्यातल्या बाकावर पेरूचा वास दरवळू लागतो. राहात्याच्या बाजूने येणारा रुग्ण वाटेत दोन-चार किलो पेरू घेतल्याशिवाय येत नाही. पेरूबरोबर प्रश्नही ठरलेले. पेरूने सर्दी होते का? बिया अडकून अपेंडिक्स होतो का? सर्दी विषाणूंमुळे होते, आणि पेरू खाणाऱ्यांना अपेंडिक्सचा विकार जास्त होतो असे काही नाही. तेव्हा या दोन्ही शंका मनातून काढून टाकाव्यात. अलीकडे तिसरा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, जवाची भाकरी खाल्ली तर साखर उतरते म्हणे. आपल्या रानात जव येईल का?"

या प्रश्नाला मी पूर्वी चटकन 'हो' म्हणत असे. आता आधी घरातल्या माणसांची चौकशी करतो. तसे का, ते आज सांगणार आहे.

२०१७ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. कालव्याकाठच्या एका वस्तीवरून एक ताई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. सोबत मुलीचे आजोबा. मुलगी फिकट, पोट थोडे पुढे आलेले, वजन जेमतेम १४ किलो, अधूनमधून पातळ शौच. हिमोग्लोबिन ८. आपल्याकडे अशी मुले डॉक्टरला नवीन नाहीत. मी जंताचे औषध दिले, लोहाचे टॉनिक दिले आणि रोज एक पेरू द्यायला सांगितले. अशक्तपणा आहे म्हणून सकाळी सातूचे पीठ गूळ घालून द्या, असेही बजावले. आजोबांना मधुमेह होता. त्यांना म्हणालो, "बाबा, तुम्हीही जवाची भाकरी खाऊन बघा."

बाबा हुशारले. "विकत कशाला आणायचं डॉक्टरसाहेब? दोन गुंठे पेरतोच की!"

पेरू त्यांच्या बांधावर होताच, दहा-बारा झाडे, सगळी सरदार जातीची. ही जात मूळची पुण्याच्या गणेशखिंड बागेतली. पेरूचे झाड सोशिक. हलक्या-मध्यम जमिनीत येते, कलम लावले तर दोन-तीन वर्षांत फळ धरते. मात्र मुळाशी पाणी तुंबून राहिले की मर लागण्याची भीती. उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, पावसाबरोबर फुले येतात आणि मृग बहाराची फळे थंडीत हाती लागतात. थंडीने गोडीही वाढते. एकदा लावले की पंधरा-वीस वर्षांची सोय.

जवाचे तसे नाही. दर वर्षी पेरा, दर वर्षी काढा. नोव्हेंबरात पेरणी, मार्चमध्ये काढणी. गव्हासारखेच, पण पाणी गव्हापेक्षा कमी लागते, दोन-तीन पाळ्यांत भागते. नत्र जास्त झाले तर पीक लोळते. त्याचा मोठा गुण म्हणजे खारवट, चोपण जमीन इतर धान्यांपेक्षा ते जास्त सोसते. बाबांनी किराणा दुकानातून पूजेसाठी मिळतात तेच जव दोन किलो आणले आणि कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या तुकड्यात पेरले. मार्चमध्ये अर्ध्या क्विंटलाला थोडे कमी धान्य निघाले. कुसळांनी हात सोलवटले म्हणून ताईंची कुरकुर होती, पण मला दाखवायला बाबा मूठभर जव रुमालात बांधून घेऊन आले होते.

मला त्या वेळी कौतुकच वाटले. आपल्याला पेरू घरचा आणि बार्ली परकी वाटते. खरे पाहता पेरू अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आला, त्याला पाचशे वर्षेही झाली नाहीत. उलट पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य जव असल्याचे दिसले. आता आपल्याकडे जव उरले आहेत ते श्राद्धात आणि घटाच्या मातीत. ही माहिती मी बाबांना मोठ्या रंगात येऊन सांगितली. ते ऐकत होते आणि शेजारी ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे मी नीट पाहिले नाही.

मे महिन्यात ताई पुन्हा आल्या तेव्हा मुलीचे हिमोग्लोबिन ७ वर उतरले होते. वजन वाढले नव्हते, जुलाब वाढले होते. टॉनिक नियमित, पेरू नियमित, सातू तर दोन वेळा. सहा महिने लोह देऊनही रक्त वाढत नाही, म्हणजे ते आतड्यातून शोषलेच जात नाही, हे एवढ्या उशिरा माझ्या डोक्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी केली, नंतर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला. निदान झाले सीलिअ‍ॅक विकाराचे.

या विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनांमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे सपाट होतात. मग लोह द्या, दूध द्या, काहीही अंगी लागत नाही. पंजाब-हरियाणाकडच्या डॉक्टरांना हा विकार लवकर आठवतो. आपण ज्वारी-बाजरीचे लोक म्हणून मला तो आठवला नाही. पण आता आपल्याही घरात रोज पोळी आहे. त्यात सातू म्हणजे जव खरे, पण आपल्याकडे सातूचे पीठ म्हणून पुष्कळ घरांत गहू आणि डाळे भाजून दळतात. म्हणजे गहू असो वा जव, मी त्या मुलीला बाधणारी वस्तूच औषध म्हणून देत होतो.

ताईंना हे समजावले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच म्हणाल्या, "साहेब, कुसळं टोचली तरी मी तिच्यासाठी कांडत होते."

मी त्यांची क्षमा मागितली. डॉक्टरने क्षमा मागायची आपल्याकडे पद्धत नाही, पण त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही.

उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. ऐकायला सोपे आहे, पाळायला नाही. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्यावर टाकलेल्या ज्वारीतही तो उतरतो. बाजारच्या खड्याच्या हिंगात बहुधा मैदा असतो. 'माल्ट' असे लिहिलेली दुधात घालायची पावडर म्हणजे बहुतेक वेळा जवच. ताईंनी घरी छोटी चक्की घेतली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी सगळे चालते, पेरूही चालतो. चार महिन्यांत मुलीचे वजन अडीच किलोने वाढले आणि वर्षभरात हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले. पेरूने आपले काम तेव्हा कुठे सुरू केले. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते, संत्र्यात ५० च्या आसपास. ते भाजीभाकरीतले लोह शोषायला मदत करते, पण आतडे धड असेल तर. भाजी करून शिजवला की त्यातले बरेचसे जाते, म्हणून कच्चाच खावा, जेवणाबरोबर.

बाबांनी पुन्हा जव पेरले नाहीत. मी म्हणालो, तुम्हाला चालतात. ते म्हणाले, "एका घरात दोन पिठं नकोत."

जवाला यात उगाच बदनाम करू नये. ज्यांना हा विकार नाही त्यांना जव चांगलेच. त्यातल्या बीटा-ग्लुकन या चिकट तंतूमुळे कोलेस्टेरॉल कमी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये जवाच्या पाकिटावर तसे छापायला परवानगी दिली, अट दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनची. साठ-सत्तर ग्रॅम जवाच्या पिठात तेवढे मिळते. मधुमेह्याची साखर जवाने उतरत नाही, हळू चढते इतकेच, आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. मधुमेह्याने पेरूही खावा, दिवसाला एक मध्यम, सालीसकट, रस काढून नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र आधी विचारावे, कारण पेरूत पोटॅशियम बरेच असते. रक्तदाबवाल्यांनी वरचे तिखटमीठ सोडावे.

आणि मूल खाऊनपिऊन वाढत नसेल, जुलाब अधूनमधून होत असतील, टॉनिकने रक्त वाढत नसेल, तर सातू वाढवू नका. डॉक्टरांना टीटीजी तपासणीविषयी विचारा. पण तपासणी होईपर्यंत गहू मनाने बंद करू नका. तो आधीच बंद केला तर तपासणीत विकार सापडत नाही, आणि मग मुलाच्या ताटातून गहू काढायचा की ठेवायचा हे कोणालाच सांगता येत नाही.