भाव खरेदीला आला की विकतो...

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी पडला. त्याच आठवड्यात काकांचा फोन आला: "नफ्यातले शेअर काढून टाकले. तोट्यातले ठेवलेत, भाव खरेदीला आला की विकतो. बरोबर ना रे?" पैसे निवृत्तीचे होते. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

ही सवय टेरन्स ओडीन यांनी १९९८ च्या शोधनिबंधात मोजली आहे. डेटा म्हणजे एका अमेरिकन ब्रोकरकडची १०,००० खाती. आता नुसत्या विक्र्या मोजून भागत नाही, कारण मंदीत हातात तोट्यातलेच शेअर जास्त असतात. (छेदात काय घ्यायचं, इथेच आपणही लॅबमध्ये चुकतो.) म्हणून त्यांनी विक्रीच्या दिवशी खात्यात असलेल्या नफ्यातल्या शेअरांपैकी किती विकले आणि तोट्यातल्यांपैकी किती, ही दोन प्रमाणं वेगळी काढली. आली १४.८ आणि ९.८ टक्के. म्हणजे काका एकटे नाहीत! पण विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात, ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला.

अर्थात ही सरासरी आहे, काकांच्या शेअरचं भाकीत नव्हे. मी त्यांना एवढंच विचारलं, "आज हातात रोख असती तर हेच शेअर घेतले असते का?" तीनपैकी दोनांना ते नाही म्हणाले.