बंदीची यादी उघडी हवी

50, 100 आणि 160. शाळकरी मुलांनी इंटरनेटवर काय पाहावं हे ठरवणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये हे तीन आकडे असत. लहान मुलांसाठी 50, थोड्या मोठ्यांसाठी 100, तरुणांसाठी 160. सॉफ्टवेअरचं नाव डॅन्सगार्डियन. ब्रिटनमधल्या डॅनियल बॅरन यांनी ते लिहिलं आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. विद्यार्थ्याने मागितलेलं पान आधी शाळेच्या सर्व्हरवर यायचं. तिथे हे सॉफ्टवेअर पानातल्या शब्दांना गुण द्यायचं: अश्लील शब्दांना अधिक गुण, वैद्यकीय आणि शैक्षणिक शब्दांना उणे गुण. बेरीज ठरवलेल्या आकड्यापुढे गेली की पान अडलं.

या उणे गुणांचं मोल फार मोठं आहे. नुसता शब्द दिसला की दार लावणारा फिल्टर स्तनाच्या कर्करोगाची माहितीही अडवून बसतो. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात प्रजननाचा अभ्यास आहे. त्याची उजळणी करायला बसलेल्या मुलीसमोर ‘हे पान पाहण्यास मनाई आहे’ अशी पाटी आली, तर आपण काहीतरी वाईट शोधत होतो असं तिला वाटणार. असं वाटणं सहजी पुसलं जात नाही. गुणांच्या पद्धतीत ‘संप्रेरक’, ‘गर्भाशय’, ‘उपचार’ असे शब्द शेजारी आले की बेरीज खाली उतरते आणि पान सुटतं. दरवेळी सुटेलच असं नाही. पण चूक झाली तर ती कुठे झाली हे दिसतं. फाइल उघडायची, आकडा बदलायचा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करायचं.

विकतच्या फिल्टरांत नेमकं हेच दिसत नसे. 2000 साली एडी यान्सन आणि मॅथ्यू स्काला या दोघांनी ‘सायबर पेट्रोल’ या फिल्टरची कूटबद्ध यादी उलगडण्याची युक्ती जाहीर केली. फिल्टरची मालकी तेव्हा मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडे होती. तिने दोघांना अमेरिकेतल्या न्यायालयात खेचलं. यादीत काय आहे हे पालकांना कळावं की नाही, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने डिजिटल कॉपीराइट कायद्यातून दोनच सवलती दिल्या, त्यांतली एक अशा याद्या उलगडून पाहण्याची होती. 2003 मध्ये ती पुन्हा मिळाली, 2006 मध्ये मिळाली नाही.

आपल्या मुलांनी काय वाचू नये हे कुणीतरी ठरवणारच. शाळेत ते ठरवलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सीबीएसईनेही 2017 मध्ये आपल्या शाळांना फिल्टर बसवायला सांगितलं. पण ठरवणारा कोण आणि त्याने काय ठरवलं, हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना पाहता आलं पाहिजे. खुल्या सॉफ्टवेअरचा खरा फायदा हा आहे. फुकट मिळणं ही त्यापुढे किरकोळ बाब. शिवाय ते तसं फुकटही नसतं. डॅन्सगार्डियनचं काम थांबल्यावर ‘ई2गार्डियन’ने तोच धागा पुढे नेला, त्याच्या जोडीला अनेक ठिकाणी ‘स्क्विड’ हा 1990च्या दशकातला प्रॉक्सी सर्व्हर असतो. फ्रान्समधलं तुलूझ विद्यापीठ वर्गवारी केलेल्या संकेतस्थळांची मोठी यादी वर्षानुवर्षं सांभाळत आलं आहे. हे सगळं उतरवून घेता येतं, पण ते चालवायला लिनक्स कळणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत एक मोठा बदल झाला. जवळजवळ सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर गेली. मधल्या सर्व्हरला आता बंद पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. म्हणजे संकेतस्थळाचं नाव कळतं. कुठलं पान उघडलं आणि त्यावर काय लिहिलंय, ते कळत नाही. गुण द्यायला शब्दच हाती लागत नाहीत. त्यावर उपाय आहे: शाळेने स्वतःचं प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात बसवायचं, म्हणजे सर्व्हर मधेच पाकीट उघडून वाचू शकतो. लॅबमधल्या शाळेच्या मालकीच्या संगणकांवर, पालकांना आधी सांगून, हे करायला माझी हरकत नाही. शिक्षकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनवर ते कदापि करू नये. बँका आणि दवाखान्यांची संकेतस्थळं तर सगळीकडेच यातून वगळावीत. तशी सूट देण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरली जाते की नाही, हे विचारायला हवं.

बहुतेक शाळांना याहून साधा मार्ग पुरेल. संकेतस्थळाचं नाव पत्त्यात बदलून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरवरच नको ती नावं अडवायची. ‘पाय-होल’ रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. तिथेच गुगलचं नाव ‘फोर्ससेफसर्च’च्या पत्त्याकडे वळवलं की सुरक्षित शोध सक्तीचा होतो. मात्र ब्राउझरने स्वतःच कूटबद्ध डीएनएस वापरायला घेतलं, तर हा सगळा बंदोबस्त बाजूला राहतो. म्हणून लॅबमधल्या ब्राउझरचं ते सेटिंग बंद ठेवावं लागतं.

कार्यालयांचा प्रश्न सोपा आहे. तिथे मोठी माणसं असतात. फसवी आणि व्हायरस पसरवणारी संकेतस्थळं अडवली की मुख्य काम होतं. स्क्विडमध्ये वेळेनुसार नियम लिहिता येतात, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटचा स्कोअर पाहू द्यावा. कोण किती वेळ कुठे होतं याच्या नोंदी साठवायच्या असतील, तर त्या किती दिवसांनी पुसल्या जातील हे कर्मचाऱ्यांना लेखी सांगावं.

शाळेत मात्र एक गोष्ट हमखास सुटते. शब्दांची यादी इंग्रजी असेल तर देवनागरी पानाची बेरीज शून्य येते, मग ते पान विज्ञानाचं असो की घाणेरडं. मराठी शब्दांची फाइल इथल्याच माणसांनी लिहायला हवी. विज्ञानाच्या बाई, मराठीचे सर आणि संगणक शिकवणारे सर एकत्र बसले तर पहिला मसुदा होऊ शकतो. शिव्या सगळ्यांना आठवतील. जास्त विचार लागेल तो उणे गुणांच्या शब्दांना. ती फाइल दुसऱ्या शाळेलाही देता येते, कारण ती साध्या मजकुराची असते.

त्याबरोबर अडलेलं पान उघडून मागायची सोय हवी. अनुदान घेणाऱ्या शाळा-ग्रंथालयांवर फिल्टरची सक्ती करणारा अमेरिकेचा 2000चा कायदा ग्रंथालयांनी आव्हान देऊनही 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. प्रौढ वाचकाने सांगितलं की ग्रंथपाल फिल्टर काढू शकतो, हे तिथे एक मोठं कारण ठरलं. मनाईच्या पाटीवर काय लिहायचं हे खुल्या फिल्टरमध्ये शाळेलाच ठरवता येतं. त्या पाटीवर मराठीत लिहावं: हे पान अभ्यासासाठी हवं असेल तर अमुक शिक्षकांना सांगा, आजच्या आज उत्तर मिळेल.