नागपूर ते मुंबई : विमानाला दीड तास का लागतो?

आमच्या वर्गात वाद झाला. एक जण म्हणाला, विमानाने नागपूरहून मुंबई पाऊण तासात येते. दुसऱ्याने तिकीट पाहिले होते, त्यावर दीड तास होता. मग खरे कोणाचे?

आधी अंतर पाहू. आम्ही भिंतीवरच्या नकाशावर नागपूरपासून मुंबईपर्यंत दोरा ताणला आणि नकाशाच्या प्रमाणाने मापला. उत्तर ७०० कि.मी. आले. खरे हवाई अंतर सुमारे ६८५ कि.मी. आहे. दोरा थोडा ढिला पडला असणार! रेल्वेने मात्र ८३७ कि.मी. होतात. गाडी वर्धा, बडनेरा, अकोला करत खानदेशात भुसावळ-जळगावला जाते, मग मनमाड, नाशिक, आणि इगतपुरीनंतर कसाऱ्याचा घाट उतरते. विमानाला घाट नाही की जंक्शन नाही.

आता वेळ. जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० कि.मी. जाते. ६८५ ला ८०० ने भागले तर ५१ मिनिटे येतात. म्हणजे पहिल्याचा हिशेब चुकला नव्हता, पण विमान सारा वेळ त्या वेगाने जात नाही ना! सुटण्याची वेळ म्हणजे ते जागेवरून हलते ती वेळ. मग धावपट्टीपर्यंत हळूहळू जमिनीवरून जायचे, पुढच्या विमानांमागे थांबायचे. उडाल्यावर उंची गाठायला वेळ लागतो, आणि उतरायच्या बऱ्याच आधी वेग कमी करतात. मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की आकाशातच घिरट्या. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो मुंबईला जाताना समोरून अडवतो आणि परत येताना पाठीमागून ढकलतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो.

पण आपल्याला विमानतळावर राहायचे नसते. माझ्या आजीला परळच्या टाटा हॉस्पिटलात दोनदा रेल्वेनेच नेले. गाडी वर्ध्यालाच मिळते, बारा-तेरा तास लागतात, पण माणूस रात्रभर आडवा होऊन जातो, आणि भाडेही कमी. तिसऱ्या वेळी उद्या दुपारी या असा निरोप रात्री आला, तोवर गाडी निघून गेली होती. मग काकांनी विमानाचे तिकीट काढले. घरून सकाळी सहाला निघाले. नागपूरचा विमानतळ दोन तास, तिथे आधी हजर राहणे दोन तास, विमान दीड तास, सामान घेऊन टॅक्सीने परळ दीड तास. बेरीज सात तास! दुपारी एकला पोचले. बाबा म्हणाले, "उडालो दीड तास अन् बसून राहिलो साडेपाच तास." पण आजीचा नंबर चुकला नाही.

दोरा आणि पट्टी खिडकीत ठेवली आहे. पाहुण्यांनी आपापल्या गावापासून मुंबई मापून पाहावी. दोरा घट्ट धरावा.