सामायिक सर्व्हरवरील संकेतस्थळाचे प्रमाणपत्र

सामायिक होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदतात व त्यांचा आयपी पत्ताही बहुधा एकच असतो. कोणते स्थळ हवे आहे, हे कळण्यापूर्वीच सर्व्हरला प्रमाणपत्र पुढे करावे लागे. म्हणून पूर्वी प्रत्येक स्थळास सामान्यतः स्वतंत्र पत्ता घ्यावा लागत असे. ब्राउझरने पहिल्याच संदेशात स्थळाचे नाव कळवावे, अशी तरतूद २००३ साली झाली. ब्राउझरांनी ती स्वीकारल्यावर हा अडसर दूर झाला.

२०१५ च्या डिसेंबरात ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांस खुली केली. नेमून दिलेली फाइल आपल्या स्थळावर ठेवावयाची. ती तेथे आढळली की नावावरील ताबा सिद्ध होतो. अनेक होस्टिंग कंपन्या हे काम, तसेच मुदतीपूर्वीचे नूतनीकरणही, आपोआप करतात.

तथापि असे प्रमाणपत्र नावावरील ताब्याची साक्ष देते, मालकाच्या सचोटीची नव्हे. शिवाय सामायिक व्यवस्थेत गुप्त किल्ली कंपनीच्याच यंत्रावर असते. मजकूर वाटेत सुरक्षित राहिला, तरी मुक्कामी तो तिच्या हाती उघडा होतो. सर्वेक्षणातील उत्तरदात्यांची खाजगी माहिती अशा स्थळावर मागविण्यापूर्वी संशोधकाने याचा विचार केलाच पाहिजे.