आठ वाटांची मात

पनवेल तालुक्यातील ओवे येथे एका ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या दोघा भावांपैकी धाकट्याने दुसऱ्याच चालीत मात खाल्ली, आणि इतक्या लवकर संपलेला डाव हिशेबात धरू नये अशी कैफियत घेऊन तो माझ्याकडे आला. कैफियत नामंजूर करणे सोपे होते. परंतु आरंभीच्या मांडणीतून अशी मात किती प्रकारे संभवते, हा तिच्यातून उद्भवणारा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला.

दोन्ही पक्षांच्या दोन-दोन चाली नियमानुसार १,९७,२८१ प्रकारे खेळता येतात, आणि एवढ्या पसाऱ्यात मातेवर संपणारे क्रम अवघे ८ आहेत. ते गणकयंत्रावाचूनही सापडतात. पांढऱ्याने राजाच्या उंटापुढील प्यादे एक वा दोन घरे आणि राजाच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे सरकवावे, यांतले कोणतेही आधी. काळ्याने राजापुढील प्यादे एक वा दोन घरे सारून वजिराला तिरकस वाट मोकळी करून द्यावी, आणि दुसऱ्या चालीत त्या वाटेने वजिराने मात द्यावी. दोन गुणिले दोन गुणिले दोन. पांढऱ्याची तिसरी चाल जोडताच ४८,६५,६०९ क्रमांत ३४७ माता निघतात.

तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले, ते युरोपीय रीतीच्या खेळाशी जुळवून घेतलेले होते. वरचा हिशेबही त्याच युरोपीय रीतीचा आहे, आणि रीत बदलण्याचा परिणाम आपल्या प्रश्नावर थेट होतो. देशी शिरस्त्याप्रमाणे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालते, आणि तेवढा एक नियम लावला तरी वरील आठही वाटा बंद होऊन ही मात तिसऱ्या चालीवर जाते. धाकट्याला एका चालीचे आयुष्य अधिक मिळाले असते, इतकेच!

याहून रम्य कोडे उलट दिशेचे आहे. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून डाव आरंभला, आणि पाचव्या चालीत काळ्याच्या घोड्याने हत्ती मारून मात दिली. तर मधल्या चाली कोणत्या? येथे पांढऱ्याला स्वतःच्या विनाशास हातभार लावावा लागतो. त्याचा वजीर शत्रूच्या राजापुढील प्यादे मारून बळी जातो, त्याला मारणारा काळा वजीर त्याच स्तंभातून शह देतो, राजा उंटाच्या प्याद्याने रिकाम्या केलेल्या घरात सरकतो, आणि घोडा कोपऱ्यातला हत्ती उचलतो. राजाला पुढे निसटावे तर समोर एकच घर सरकलेले ते उंटापुढील प्यादे वाट अडवून उभे असते.