मॉर्फिया: थांबून पाहण्याची किंमत

मॉर्फिया या आजारात त्वचेत कोलॅजन प्रमाणाबाहेर साचते आणि कातडीवर कडक, गुळगुळीत चट्टा उमटतो. हा आजार संसर्गजन्य नाही. फुप्फुसे, मूत्रपिंडे यांना ग्रासणाऱ्या सर्वांगीण स्क्लेरोडर्मात त्याचे रूपांतर क्वचितच होते. हा दिलासा खरा आहे, पण त्यातूनच ‘आपोआप जाईल’ असा धोकादायक निष्कर्ष काढला जातो. अनेक चट्टे तीन ते पाच वर्षांत मऊ पडतात, हे मान्य. मात्र तेवढ्या काळात झालेली हानी भरून येतेच असे नाही. लहान मुलांत अधिक आढळणारा रेषेसारखा प्रकार स्नायू आणि हाडापर्यंत पोचतो, सांधा आखडतो, वाढत्या वयात एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो. चट्ट्याभोवतीची जांभळट कडा म्हणजे आजार अजून धुमसत असल्याची खूण. औषधांचा खरा उपयोग याच काळात होतो.

खोलवर गेलेल्या आजारात मेथोट्रेक्सेट देतात, तेव्हा ‘हे तर कॅन्सरचे औषध’ म्हणून पालक बिचकतात. ही भीती समजण्याजोगी आहे. पण इथे मात्रा बरीच कमी असते, औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक रक्तचाचण्या असतात. वरवरच्या चट्ट्यांना मलम किंवा अतिनील किरणांचे उपचार पुरू शकतात. शांत झालेला आजार काही वर्षांनीही उलटतो, म्हणून तपासणी सोडू नये. मुलाच्या अंगावर कडक पट्टा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जा.