तिरडी थांबत नाही, म्हणून गाडी थांबते

समोरून अंत्ययात्रा आली की गाडी बाजूला घ्यावी, हे वाशिम जिल्ह्यात कुणी कुणाला शिकवत नाही. रिसोडकडे निघालेल्या एसटीचा चालक बस कडेला घेतो, इंजिन बंद करतो; प्रवासी बसल्या जागी हात जोडतात. दुचाकीवाला उतरून चप्पल काढतो. एखादा तर, ओळख ना पाळख, चार पावलं खांदा देऊन येतो. गेलेल्या माणसाचा मान म्हणून हे करायचं, असं सांगतात. ते खरंच; पण मला त्याहून व्यवहारी कारण जास्त पटतं. तिरडीला वाटेल तिथे थांबता येत नाही.

चौघांच्या खांद्यावरचं ओझं पावलाला पाऊल जुळवून चालतं. एकाने दचकून अंग चोरलं की उरलेल्या तिघांचा तोल जातो. तिरडी टेकवायची ती विसाव्याच्या जागी. पुढे विस्तवाचं मडकं घेऊन चालणारा, बहुधा मुलगा, अनवाणी असतो आणि त्याने मागे वळून पाहायचं नसतं. त्याच्या पाठीशी हॉर्न वाजवून काय मिळणार? मे महिन्यातल्या वऱ्हाडी दुपारी त्याला डांबरावर खोळंबवणं म्हणजे तळपायांना चटके देणं. कारंजा किंवा मंगरूळपीरच्या रस्त्यावरून जनाजा निघतो, त्याची चाल आणखी झपाझप. दफनाला उशीर करू नये ही शिकवण. शिवाय जास्तीत जास्त लोकांना खांदा देता यावा म्हणून माणसं चालता चालताच बदलतात. कडेने घुसणारी मोटारसायकल नेमकी त्या अदलाबदलीत शिरते.

घाईसाठी शकुनाचं निमित्तही चालत नाही. कामाला निघताना समोरून प्रेत येणं जुन्या शकुनविचारात शुभच मानलंय.

कायदा मात्र या बाबतीत हात आखडता घेतो. १९८९ च्या रस्ते नियमावलीत मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरची मर्यादा होती. म्हणजे वेग आवरा, एवढंच. ती नियमावली २०१७ मध्ये बदलली. रुग्णवाहिकेची वाट अडवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या कलमात वैकुंठरथाचं नाव नाही. अंत्यविधीत व्यत्यय आणणं भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पण त्यासाठी भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. उतावळा हॉर्न त्यात कसा बसवणार? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दिवे लावून निघालेल्या अंत्ययात्रेच्या मोटारींना वाटेचा पहिला हक्क कायद्यानेच दिलाय. तिथली यात्रा चाकांवर असते, आपली पायी. ते नियम उचलून आणण्यात अर्थ नाही.

खरी अडचण राष्ट्रीय महामार्ग १६१ सारख्या रस्त्यांची. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेडकडे जाणाऱ्या परप्रांतीय ट्रकचालकाला आज गावात कोण गेलं याची कल्पना नसते. एसटीच्या चालकाला ती खबर बहुतेक वेळा फाट्यावरच लागते. जवळून वेगात गेलेल्या ट्रकचा वारा तिरडीवरचं कापड उडवतो, मडक्यातला विस्तव फुलवतो. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर हा प्रश्नच नाही. पायी माणसाला तिथे मज्जाव, त्यामुळे यात्रा पुलाखालून जाते.

गाडी थांबवलीच, तर नीट थांबवावी. ॲक्सिलरेटर दाबत उभं राहणं हे थांबणं नव्हे. तिरडी पुढे गेली की लगेच निघायचं नाही. मागे रेंगाळलेली म्हातारी माणसं पार होऊ द्यायची.

आणि यात्रेतल्यांनीही सगळा रस्ता व्यापू नये. वळण असेल, तिन्हीसांजा झाल्या असतील, तर शंभरेक पावलं मागे दिवे चालू ठेवून एक दुचाकी हवी, शेवटच्या माणसाच्या हाती बॅटरी हवी. हे काम शेजारच्या एखाद्या पोराला आधीच सांगून ठेवावं. घरच्यांना त्या वेळी रस्त्याचं भान नसतं.